हंडीत निघाले गोटे

१

हंडी उघडली तेव्हा आत मटण नव्हतं. गोटे होते.

नदीतले असतात तसे गुळगुळीत, मुठीएवढे गोटे, गळ्यापर्यंत भरलेले. तुतारी वाजवून जयदेवचे गाल अजून फुगलेलेच होते. मुकेशशेठच्या एका हातात कट्यार आणि दुसऱ्या हातात हंडीचं झाकण तसंच राहिलं. पाटांवर बसलेली चाळीसएक माणसं माना उंच करून हंडीत काय आहे ते बघत होती, आणि ज्यांना दिसलं ती शेजारच्याला सांगत होती.

"नवीन प्रकार दिसतो," बनूबाई शांतपणे म्हणाल्या. "ह्याला शिट्ट्या किती लागतात?"

संध्याने त्यांना कोपराने ढोसलं, पण तिलाही हसू आवरेना. शालन मात्र हसली नाही. ती हंडीच्या काठाला चिकटलेल्या कणकेच्या लेपाकडे बघत होती. शेठनी कट्यार फिरवली तसा तो लेप लोण्यासारखा कापला गेला होता. शालनला ते खटकलं होतं, पण का खटकलं ते अजून नीट लक्षात येत नव्हतं.

बदलापूरहून बारवी धरणाकडे जाताना डाव्या हाताला 'गढी दरबार' लागतं. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये मुकेशशेठचं फर्निचरचं दुकान, त्यामुळे प्लायवूडचे बुरूज आणि प्लास्टरची तटबंदी त्यांनी घरच्याच कारागिरांकडून उठवली होती. पाचशे वर्षांपूर्वीच्या गढीत बसून जेवल्यासारखं वाटलं पाहिजे, हा त्यांचा ध्यास. वाढपी अंगरखे घालून वावरायचे, दारावर भालदार उभा असायचा, आणि सगळ्यात मोठा सोहळा म्हणजे दमाच्या मटणाची हंडी. काठीला लटकवलेली ती हंडी दोघे जण खांद्यावरून दरबारात आणत, तुतारी वाजे, आणि शेठ स्वतः कट्यारीने लेप कापून झाकण काढत.

आज झाकण काढलं ते असं.

शेठनी झाकण खाली ठेवलं आणि दरबाराच्या कोपऱ्यातल्या चुलीकडे पाहिलं. तिथे पाहुण्यांच्या समोर तांदळाच्या भाकऱ्या थापायला रविना बसली होती. वीस-एकवीस वर्षांची, जवळच्याच पाड्यावरची मुलगी.

"हंडीला लेप कुणी लावला सकाळी?"

"मी लावला शेठ," रविना म्हणाली.

"आणि आज तुझ्या घरी काय आहे?"

रविनाच्या हातातली भाकरी हातातच राहिली. "बहिनीची हलद हाय."

"जेवायला किती माणसं?"

"व्हतील चाळीस-पन्नास."

सगळ्या दरबाराने तो हिशेब मनातल्या मनात केला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी ती उलटायचं भान कुणाला राहिलं नाही.

२

शालन, संध्या आणि बनूबाई ह्या तिघी मैत्रिणी. आनंदनगर एमआयडीसीतल्या एका औषधांच्या कारखान्यात तिघींनी एकाच बाकावर डबा खात वर्षं काढली. बनूबाई पॅकिंगमध्ये होत्या आणि आता निवृत्त होत्या. संध्या स्टोअरमध्ये होती. शालन तपासणीच्या टेबलावर, समोरून सरकणाऱ्या गोळ्यांच्या पाकिटांतलं फुटकं पाकीट डोळ्याने टिपायचं हे तिचं काम. अठ्ठावीस वर्षं ते केल्यावर तिला एक खोडच लागली होती. समोर कुणाचेही हात काम करत असले की ती नकळत मोजायला लागायची. घरी मुलगा आकाश तिला चिडवायचा, की आई टीव्हीवरच्या बाईने कांदा किती वेळा कापला तेही सांगेल.

वर्षातून एकदा तिघी सहलीला निघत. २००६ सालच्या फेब्रुवारीत बनूबाईंनी ठरवलं की आजवर देवळं, बुद्धविहार, बागा सगळं झालं, आता एकदा राणीसारखं जेवायचं. अंबरनाथ आणि उल्हासनगरहून निघून तिघी बदलापूरला भेटल्या, तिथून सहा आसनी रिक्षा केली आणि बाराच्या ठोक्याला गढीच्या दारात उतरल्या.

दारातच गढीचा पहिला कायदा होता. घड्याळ आणि मोबाइल आत न्यायचा नाही. दोन्ही एका लोखंडी पेटीत, म्हणजे 'खजिन्यात', ठेवायचे आणि बिल्ला घ्यायचा. शेठचं म्हणणं असं, की पाचशे वर्षांपूर्वी मनगटावर घड्याळ नव्हतं. हा कायदा नोकरांनाही लागू होता. आचारी आनंदा मात्र कुरकुरत होता की त्याचं जुनं घड्याळ महिनाभर त्या पेटीतच पडून आहे.

मग वेळ कशी कळायची? त्याची सोय दाराशी होती. पाण्याने भरलेलं एक मोठं घंगाळ, आणि त्यात तरंगणारी तांब्याची वाटी. वाटीच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. त्या भोकातून पाणी हळूहळू वाटीत चढतं, वाटी जड होते आणि बुडते. बरोबर चोवीस मिनिटांनी. ही एक घटिका. वाटी बुडली की जयदेवने पितळी थाळीवर टोल द्यायचा, वाटी रिकामी करून पुन्हा पाण्यावर सोडायची. दुपारी बाराला शेठच्या घड्याळाबरोबर पहिला टोल पडे, आणि त्यानंतर गढीत फक्त वाटीचं राज्य.

तिघी घंगाळाभोवती वाकून बघत होत्या. बनूबाईंना ती वाटी फार आवडली. त्या म्हणाल्या, आमच्या कारखान्यात हे असतं तर जेवणाची सुट्टी संपलीच नसती. घंगाळात गुलाबाच्या पाकळ्याही तरंगत होत्या. जयदेवने सांगितलं की उल्हासनगरच्या फर्निचरवाल्यांची पार्टी यायची आहे म्हणून शेठनी आजच टाकल्यात, एरवी नुसतं पाणी असतं.

हात धुवायच्या जागी जाताना बोळात दोन तांब्याच्या हंड्या शोभेला ठेवल्या होत्या, गळ्यात झेंडूच्या माळा घालून. मग पाट, केळीचं पान, चटणी, पिठलं, आणि समोर रविनाची चूल. दुसरा टोल पडला तशी तिने पहिली भाकरी तव्यावर टाकली. शालनचा पाट नेमका चुलीसमोरच होता, म्हणजे काय होणार ते सांगायलाच नको. तिसऱ्या टोलाला फर्निचरवाले आले, त्यांच्यासाठी वेशीवर तुतारी झाली, दरबारात धूप फिरवला गेला. मध्येच बनूबाईंनी नाक वर करून म्हटलं की काहीतरी लागल्याचा वास येतोय. संध्याने तो धुपावर ढकलला. चौथा टोल झाला, पाचवा झाला, आणि पाचव्या टोलाला हंडी आली.

ती उघडल्यावर काय झालं ते आपण पाहिलंच.

३

मुकेशशेठ वाईट माणूस नव्हते, पण चाळीस पाहुण्यांसमोर फजिती झालेला माणूस होते. त्यातले पंचवीस तर त्यांच्याच बाजारातले, उद्यापासून कॅम्प पाचमध्ये त्यांना 'गोटेवाला' म्हणायला मोकळे. त्यातला एक जण कांद्याची फोड चावत म्हणालाच, "मुकेश, साईं, दांत की गॅरंटी कौन देगा?"

शेठचा चेहरा लाल झाला. त्यांनी भालदाराला जीप काढायला सांगितलं.

"पाड्यावर जाऊन बघतो. हळदीच्या मांडवात कोणती भांडी चुलीवर आहेत ते कळेलच. झाकणं उघडून बघतो एकेक."

रविना उभी राहिली. ती रडली नाही, हातापाया पडली नाही. पिठाचे हात पदराला पुसत ती फक्त एवढंच म्हणाली, "शेठ, मला कामावरनं काढा. पण मांडवात नका जाऊ. नवऱ्याकडची मानसं आली असतील. माझे बहिनीचा लगीन मोडंल."

शालनने हातातला घास पानात ठेवला. समोरच्याचं घर कुठल्या वस्तीत आहे ते बघून आधी संशय घ्यायचा, ही रीत तिने लहानपणी स्वतःच्या आईच्या बाबतीत पाहिली होती. त्या वेळी ती सात वर्षांची होती आणि काही करू शकली नव्हती. आता ती सत्तावन्नची होती.

ती उठून शेठसमोर गेली. "साहेब, मला एक घटिका द्या."

"मॅडम, तुम्ही पाहुण्या. तुम्ही बसा ना, मी पनीर पाठवतो."

"पनीर नको. एक घटिका द्या. पाचवा टोल आताच झालाय. सहावा पडेपर्यंत जीप काढू नका. तोवर मी हंडीचा छडा लावला नाही, तर चाळीस माणसांचं जेवण माझ्या खर्चाने."

संध्याला ठसका लागला. बनूबाई मात्र फर्निचरवाल्यांकडे वळून म्हणाल्या की बसा, आमची शालन एक गोळी कमी भरलेलं पाकीट हातात न घेता ओळखायची. फर्निचरवाल्यांना हे जेवणापेक्षा मजेदार वाटलं. त्यांनीच शेठला गळ घातली, आणि सगळ्या बाजारासमोर नाही म्हणायला शेठकडे तोंड नव्हतं.

"एक घटिका," ते म्हणाले. "वाटी बुडली की जीप निघाली."

घंगाळातली वाटी तोवर पाव भरली होती.

४

शालन आधी हंडीपाशीच गेली. संध्याच्या मदतीने तिने हंडी तिरकी केली आणि खालून हात फिरवला. मग तळवा बघितला. काठाचा लेप दोन बोटांत चिमटून पाहिला. तो चिमूटभर लेप तिने बनूबाईंच्या पानात ठेवला. बनूबाईंनी तो कुस्करून म्हटलं, ही तर कच्ची कणीक.

मग ती चुलीपाशी रविनासमोर बसली. लेप कसा लावतेस, तिने विचारलं. रविनाने सांगितलं ते असं. सकाळी आनंदाकाका हंडीत मटण-मसाला भरतात, मी गव्हाची कणीक सैल मळून झाकणाच्या कडेने थापते. पहिल्या टोलाला हंडी निखाऱ्यावर जाते, चौथ्याला उतरते. तोवर लेप भाजून विटेसारखा होतो. शेठची कट्यार शोभेची, बोथट, त्यामुळे उघडायच्या आधी काका हळूच वरवंट्याने लेपाला चीर पाडून ठेवतात.

"आणि दुसऱ्या टोलापासून तू इथून उठलीस?"

"नाय मावशी. पानी प्यायलाबी नाय उठले."

हे शालनला विचारायची गरज नव्हती. तिने विचारलं ते शेठना ऐकू जावं म्हणून.

मागच्या अंगणात आचारी आनंदा निखाऱ्यांच्या खड्ड्यापाशी उकिडवा बसला होता. पन्नाशीचा, कॅम्प पाचमधल्या लग्नांच्या पंगतींचा स्वयंपाक करून नावाजलेला माणूस. त्याचं म्हणणं सरळ होतं. चौथ्या टोलाला हंडी उतरवली, बोळात ठेवली, आणि कोशिंबिरीकडे वळलो. मधल्या वेळात कुणी काय केलं, मला ठाऊक नाही. शालनने त्याच्या हाताची तारीफ केली आणि विचारलं की दमाला किती वेळ लागतो हे वासावरून कळतं का. आनंदा कडवट हसला.

"बाई, लेप लावला की वास कोंडला. झाकण काढायचं नाही. घड्याळ पेटीत. इथे कान लावून बसायचं आणि टोल मोजायचे. वीस वर्षं मी घड्याळावर हंडी उतरवली, आता वाटीवर उतरवतो."

मागच्या महिन्यात भात लागला म्हणून शेठनी एका आचाऱ्याला उभ्या उभ्या काढलं होतं, हेही त्याने बोलता बोलता सांगितलं. बोलताना तो सारखा उजवीकडे बघत होता. तिकडे गढीचं दारूकोठार होतं, म्हणजे तोफांच्या दारूची सोंगाची पिंपं. काळ्या रंगाची चार लाकडी पिंपं, वर पोती टाकलेली.

परत येताना शालन बोळात थांबली. शोभेची हंडी एकच होती. दुसरीच्या जागी जमिनीवर फक्त झेंडूची माळ पडली होती.

जयदेव घंगाळापाशी उभा होता. मघापासून तो वाटीवरून नजर हलवत नव्हता, आणि घंगाळात आता एकही पाकळी नव्हती. पाकळ्या कुठे गेल्या असं शालनने विचारल्यावर तो शेठकडे बघून घंगाळाचा काठ पुसायला लागला. तिने तिसऱ्या टोलाचं विचारलं. तेव्हा तो म्हणाला की वाटी घाईत सोडली आणि तुतारी घेऊन वेशीवर धावलो, शेठनीच बोलावलं होतं. परत आल्यावर? परत आल्यावर, तो म्हणाला, वाटी तरंगत होती.

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

वाटीचा काठ आता पाण्यावर जेमतेम दोन बोटं उरला होता. शालन झपझप पुन्हा मागच्या अंगणात गेली, दारूकोठारासमोर उभी राहिली, आणि तिला हसू फुटलं. तीन पिंपं स्वच्छ होती. चौथ्यावरच्या पोत्यावर माश्या घोंघावत होत्या.

तोफेच्या दारूवर माश्या कशाला बसतील?

५

"जयदेव, टोल द्यायच्या आधी सगळ्यांना दरबारात येऊ दे," शालनने सांगितलं. आनंदालाही बोलावून घेतलं. पाहुणे पाटांवर सरसावून बसले. शेठ दारात उभे, एक पाय जीपकडे.

शालनला भाषणाची सवय नव्हती, पण कारखान्यात नव्या मुलींना काम शिकवायची सवय होती. तशीच ती एकेक गोष्ट पुढे ठेवत गेली.

"आधी ही हंडी. निखाऱ्यावर तासाहून जास्त बसलेल्या हंडीचं बूड काळं हवं. माझा तळवा बघा, काजळीचा ठिपका नाही. लेप भाजून वीट व्हायला हवा, हा कच्चा आहे, बोथट कट्यारीने कापला गेला. म्हणजे ही हंडी चुलीवर गेलीच नाही. बोळात शोभेला दोन हंड्या होत्या, आता एक आहे. गोटे भरून, ताजा लेप लावून आणली ती ही."

"तेच तर मी बोलतो," शेठ म्हणाले. "मटणाची हंडी लंपास केली."

"मटण चोरणारा हंडी बदलेल कशाला, साहेब? हंडी उचलायची आणि जायचं. गोटे भरा, कणीक मळा, लेप लावा, एवढा खटाटोप तो का करेल? ज्याला चोरी करायची आहे त्याला चोरी लपवायची असते. इथे कुणीतरी चोरी झाली असं दाखवत होतं. म्हणजे दुसरं काहीतरी लपवायचं होतं."

दरबाराने खाणं थांबवलं होतं. बनूबाईंनीसुद्धा.

"आता रविना. दुसऱ्या ते तिसऱ्या टोलात तिने बारा भाकऱ्या केल्या. चौथ्या ते पाचव्यातही बाराच. हात यंत्रासारखा चालतो पोरीचा, दोन मिनिटांना एक. पण तिसऱ्या ते चौथ्या टोलात तिने किती केल्या, माहीत आहे? तेवीस."

"तुम्ही मोजल्या?" शेठनी विचारलं.

"ती श्वाससुद्धा मोजते," संध्या म्हणाली.

"हात तोच, तवा तोच. मग तेवीस कशा झाल्या? भाकऱ्या जास्त नाही झाल्या, घटिका लांबली. चोवीस मिनिटांची घटिका सेहेचाळीस मिनिटं चालली."

शेठ आता दारातून आत आले. भाकऱ्यांवरून वेळ सांगायची म्हणजे काय, असं काहीतरी ते पुटपुटले. नेमक्या त्याच क्षणी घंगाळात वाटी बुडाली आणि जयदेवने सहावा टोल दिला.

शालनने हात वर केला. "बाराला पहिला टोल. सहाव्यापर्यंत पाच घटिका. पाच गुणिले चोवीस?"

"एकशे वीस," फर्निचरवाल्यांतला एक जण लगेच म्हणाला.

"म्हणजे आत्ता बरोबर दोन वाजायला हवेत. साहेब, खजिना उघडा. माझा हिशेब बरोबर असेल तर आत दोन बावीस झालेत."

पेटी उघडली गेली. सगळ्यांची घड्याळं, मोबाइल, आनंदाचं ते महिनाभर बंदिवासात पडलेलं जुनं घड्याळ, एकेक करून बाहेर आलं. कुणाचं दोन एकवीस, कुणाचं दोन तेवीस, बाकी सगळ्यांचं दोन बावीस. फर्निचरवाल्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

"आता घटिका लांबली कशी ते बघा." शालनने जयदेवला पाकळ्या आणायला सांगितलं. तो गेला आणि तटबंदीमागून ओली मूठ घेऊन आला. तिने पाकळ्या पाण्यावर पसरल्या, रिकामी वाटी त्यांच्यावर सोडली आणि शेठना आत बघायला लावलं. एरवी बुडाच्या भोकातून पाण्याची बारीक सोंड वर उसळते. आता थेंब आला, थांबला, मग दुसरा आला. भिजून लिबलिबीत झालेली पाकळी खालून भोकाला चिकटली होती, आणि वर चढणारं पाणीच तिला घट्ट धरून ठेवत होतं.

"पाकळ्या ताज्या होत्या तोवर त्या बाजूला सरकत होत्या. भिजल्यावर एक अडकली. जयदेव तिथे असता तर त्याला कळलं असतं, पण तो तुतारी वाजवत होता."

जयदेवने मान हलवली. परत आल्यावर पाकळी दिसली, काढून टाकली, आणि मग भीतीने सगळ्याच काढल्या, असं तो हळू आवाजात म्हणाला. पाकळ्या शेठच्या होत्या. शेठना सांगायचं कोणी?

"आणि तोवर," शालन म्हणाली, "मागे एक माणूस निखाऱ्यापाशी बसून चौथ्या टोलाची वाट बघत होता. बावीस मिनिटं जास्त."

तिने आनंदाकडे बघितलं नाही. त्याने स्वतःहून उठावं म्हणून तिने मुद्दाम चुलीकडे तोंड फिरवलं. नव्या मुलींनाही ती अशीच वेळ द्यायची.

आनंदा उठला. "करपलं," तो म्हणाला. "बुडापासून वरपर्यंत कोळसा झाला. वीस वर्षांत माझं भांडं लागलं नव्हतं. मागच्या महिन्यात भातासाठी माणूस गेला, हे तर मटण. मला काही सुचेना. वाटलं, चोरी झाली म्हटलं की शेठ बाहेरच्या कुणाला तरी शिव्या देतील आणि संपेल." तो रविनाकडे वळला. "पोरी, तुझ्यावर येईल हे माझ्या ध्यानात नाही आलं. आणि आलं तेव्हा तोंड उघडलं नाही."

"उशीर झाला ती वाटीची चूक," शालन म्हणाली. "गप्प बसलात ती तुमची."

हंडी चौथ्या पिंपात सापडली. खरंच, आत मटण नाही, शेकोटी विझवल्यासारखं काहीतरी होतं. बनूबाईंनी नाक दाबून सगळ्यांना आठवण करून दिली की लागल्याचा वास त्यांना पहिल्यांदा आला होता, आणि संध्याने त्यांचं ऐकलं असतं तर हे पाच मिनिटांत मिटलं असतं.

६

मुकेशशेठ घंगाळाशेजारी टेकले. अंगात सोनेरी अंगरखा आणि हातात भिजलेली पाकळी. मग ते उठले आणि आनंदाचं घड्याळ त्याच्या हातात दिलं. चूल चालू असेल तोवर हे मनगटावर ठेव, एवढंच म्हणाले. आचाऱ्याला काढायचा विषय त्यांनी काढला नाही, आणि आनंदानेही विचारलं नाही.

रविनाकडे जायला त्यांना जास्त वेळ लागला.

"बेटा, गलती माझी," ते म्हणाले. "माफ कर. उद्यापासून ये कामावर. आज सुट्टी."

रविनाने परात धुतली, पालथी घातली, पदर खोचला आणि मगच उत्तर दिलं.

"इथं नको शेठ. तुम्ही मांडवात येनार व्हते ना? मग मांडवातच या. आनि जे बोलायचं ते तिथं बोला."

फर्निचरवाल्यांत कुजबुज झाली. शेठनी एकदा जीपकडे, एकदा शालनकडे पाहिलं. शालनने खांदे उडवले. ह्यात तपासण्यासारखं तिच्या टेबलावर काही उरलं नव्हतं.

शेवटी जीप निघालीच. पुढे शेठ, मागे रविना, आणि तिच्यासोबत तिघी मैत्रिणी, कारण बनूबाईंनी जाहीर केलं होतं की एवढ्या लांब येऊन उपाशी परत जाणार नाही. दहा मिनिटांत पाडा आला. शेणाने सारवलेलं अंगण, आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव, एका कोपऱ्यात हळद कुटणाऱ्या बाया गात होत्या. सोनेरी अंगरख्यातला माणूस जीपमधून उतरलेला बघून गाणं थांबलं. पोरं धावत आली. नवरीला वाटलं नाटकवाले आले.

रविनाची आई आवडी पुढे आली. तिला घडलेलं काहीच ठाऊक नव्हतं. "कोन गं हे राजं?"

"आमचं शेठ," रविना म्हणाली, आणि शेठना थेट चुलाणावर घेऊन गेली. तिथे तीन मोठी भांडी रटरटत होती. तिने फडक्याने पहिलं झाकण उचललं. भात. दुसरं उचललं. वालाचं बिरडं. तिसरं उचललं. सुकट घातलेलं कालवण. प्रत्येक झाकण ती शेठच्या डोळ्यांसमोर पुरेसा वेळ धरून ठेवत होती, घाई न करता.

शेठ मान खाली घालून उभे होते. त्यांना आवडीकडे वळून बोलायचं होतं, तोंड उघडलंही होतं, पण आवडीचा समज वेगळाच झाला. एवढा मोठा माणूस, भर दुपार टळून गेलेली, आणि बिचारा भांड्यांत वाकून वाकून बघतोय.

"अगं पोरी, झाकनं काय दाखवतेस," तिने रविनाला दटावलं. "शेठनला भूक लागलीय. पान मांड आधी."

मग तिने शेठच्या दंडाला धरून त्यांना पंगतीत बसवलं, नवऱ्याकडच्या पाहुण्यांच्या मानाच्या रांगेत, आणि पानावर भाताचा मोठा ढीग घातला. शेठ काही बोलायला गेले की ती आणखी वाढायची. दोनदा प्रयत्न करून त्यांनी हात जोडले, आणि मग खाली बघून जेवायला लागले.

रविना त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. जेवण संपल्यावर शेठ उठले, आवडीसमोर सगळ्या मांडवादेखत वाकले, आणि आज दुपारी आपण काय बोललो होतो ते पहिल्यापासून सांगायला लागले.